कव्वाली जुनीच हवी की नवी? उरसाच्या मांडवापासून मोबाईलपर्यंत

उरसाच्या रात्री कव्वालीच्या मांडवात हल्ली एक दृश्य हमखास दिसते. पुढच्या खुर्च्यांवर दाढी पिकलेले बुजुर्ग, मान डोलावत, मधूनच 'वाह, सुभानअल्लाह' म्हणत बसलेले. मागे मात्र पोरे मोबाईलमध्ये. गंमत म्हणजे त्यातल्या काहींच्या मोबाईलवरही कव्वालीच असते, पण 'कोक स्टुडिओ'ची! एकाच मांडवात दोन महफिली. मग कमिटीत वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, बँडवाला, लाईटवाला प्रोग्राम ठेवा, नाहीतर गर्दी होणार नाही. कोणी म्हणतो, तमाशा नको, जुनेच राहू द्या.

मुळात संगीत जायज की नाजायज, हा उलेमांमधला जुना इख्तिलाफ आहे. तो आम्ही इथे सोडवणार नाही, तेवढी आमची लायकीही नाही. ज्या घरांत कव्वाली ऐकली जाते, त्यांच्यापुरतेच हे बोलणे.

'जुनी कव्वाली' म्हणजे नेमकी कुठली, हे आधी पाहू. अमीर खुसरोंचे नाव घेतो तेव्हा आपण सातशे वर्षे मागे जातो. आपल्या महाराष्ट्राचा धागाही तितकाच जुना आहे. निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुरहानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दौलताबादला आले. त्यांचा मजार खुलताबादला आहे, आणि समाची त्यांची ओढ तर मशहूरच होती. त्या काळात हार्मोनियम नव्हती. ती युरोपातून आली, एकोणिसाव्या शतकात. सारंगी मागे पडली, कारण सारंगीचे सूर पुन्हा पुन्हा जुळवत बसावे लागतात, पेटीला ती कटकट नाही. म्हणजे आज जी पेटी पाहून आपल्याला 'असली' कव्वाली वाटते, ती एकेकाळची परदेशी नवलाईच.

पुढे तव्याच्या रेकॉर्डी आल्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. अर्धा-अर्धा तास रंगणारी चीज त्यात बसवायची म्हणजे कात्री आलीच. सिनेमाने आणखी वेगळे वळण दिले. १९६० च्या 'बरसात की रात'मध्ये रोशन यांच्या संगीतात आणि साहिर यांच्या शब्दांत जो मुकाबला रंगला, तो दर्ग्यातला नव्हता, रंगमंचावरचा होता. सत्तरच्या दशकात मुंबईच्या अझीझ नाझां यांनी शराबी-मस्तीची कव्वाली गल्लोगल्ली पोहोचवली. तेव्हा बऱ्याच घरांत नाके मुरडली गेली असतील. आज तीच रेकॉर्ड लागली की लोक म्हणतात, 'क्या पुराना जमाना था!'

तरी 'सगळेच कधीतरी नवीन होते' एवढे म्हणून भागत नाही. काही बदलांत खरेच काहीतरी हातचे जाते.

सुफी बुजुर्गांनी समासाठी तीन अटी सांगितल्या: जमान, मकान, इख्वान. वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी, सोबती योग्य हवेत. कव्वालीची सगळी बांधणी यावर उभी आहे. मुख्य कव्वाल ऐकणाऱ्यांकडे बघून गातो. एखाद्या मिसऱ्यावर कोणाचे डोळे भरले, की तो मिसरा तो पुन्हा पुन्हा घेतो. याला तकरार म्हणतात. मध्येच दुसऱ्या शायराचा शेर आणून जोडतो, ती गिरह. आज कोण समोर बसले आहे, त्यावर कव्वाली लांबते किंवा आटोपते. स्टुडिओत समोर कॅमेरा असतो. कॅमेऱ्याचे डोळे भरून येत नाहीत. तिथे तकरार आधी ठरवावी लागते, आणि आपण ती बसमध्ये इअरफोन लावून ऐकतो. जमान, मकान, इख्वान तिन्ही गायब.

नुसरत फतेह अली खान यांचे उदाहरण यात फार बोलके आहे. १९८५ मध्ये इंग्लंडच्या 'वोमॅड' महोत्सवात त्यांनी उर्दू-पंजाबी न कळणाऱ्या गोऱ्या श्रोत्यांनाही जागेवर खिळवले, आणि तेही पारंपरिक पार्टी घेऊन. नंतर १९९० मध्ये मायकल ब्रुक यांच्याबरोबर 'मस्त मस्त' हा अल्बम निघाला. गिटार आले, नवा ठेका आला, खानसाहेबांची हरकत नव्हती. पण जुळवाजुळव करताना काही ठिकाणी ओळ मध्येच कापली गेली आणि शब्दांचा अर्थच राहिला नाही, तेव्हा त्यांना ते मान्य झाले नाही. वाद्ये बदला, कलाम मोडू नका. आम्हाला ही रेषा पटते.

२०१५ मध्ये आतिफ अस्लम यांनी 'कोक स्टुडिओ'त साबरी ब्रदर्सची 'ताजदार-ए-हरम' गायली. यूट्यूबवर ती १० कोटींच्या कितीतरी पुढे गेली. आमच्या ओळखीतली कित्येक मुले त्यातूनच साबरी बंधूंच्या मूळ रेकॉर्डिंगपर्यंत पोहोचली. म्हणजे नव्याने जुन्याचे दार उघडले. पण त्याच वर्षी 'बजरंगी भाईजान'मधल्या दर्ग्यातल्या कव्वालीवरून साबरी घराण्याचे अमजद साबरी यांनी परवानगी न घेतल्याची तक्रार केली होती. जुन्या आठवणींवर गर्दी जमते, पैसा वसूल होतो, मग ज्यांच्या घराण्याने ती चीज पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांच्या हातात काय पडते? 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांनीही याचा विचार करावा, कारण उरसाच्या कव्वालाला नजराण्यापलीकडे आपणही फार काही देत नाही.

राहिला आपल्या मांडवाचा प्रश्न. मागच्या खुर्च्यांवरची पोरे कंटाळतात ती वाद्यांमुळे नाही, असे आमचे मत आहे. ती मराठी शाळेत शिकलेली आहेत. घरातली दखनी त्यांना येते, पण फारसी कलाम डोक्यावरून जातो. खुसरोंचा शेर कळलाच नाही, तर त्यावर डोके डोलवायचे कशासाठी? एलईडी लाईटवर खर्च करण्याआधी कमिटीने कव्वालांना एवढेच सांगून पाहावे, की कौल, हम्द, नात, मन्कबत हा जुना क्रम तसाच ठेवा, पण प्रत्येक चीज सुरू करण्याआधी तिचा अर्थ दोन मिनिटे साध्या मराठीत सांगा. कव्वालांना जमत नसेल तर गावातले एखादे गुरुजी किंवा मौलाना सांगतील. आणि पोरांना मागे नको, पुढे बसवा, कव्वालाच्या नजरेसमोर. बुजुर्गांना थोडे मागे सरकावे लागेल, तेवढे ते नातवंडांसाठी करतील.