दिवस गेले की

पाळी चुकली, कोरडे उमासे येऊ लागले, फोडणीचा वास नकोसा झाला, की घरातली जाणती बाई काय ते ओळखते. तरी आशाताईंकडून लघवी तपासून घ्यावी आणि १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू अगदी सुरुवातीलाच घडू लागतात, म्हणून फोलिक ॲसिडची गोळी लगेच सुरू करावी. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून. मळमळ होत असेल तर उठल्याबरोबर कोरडी भाकरी खावी.

फवारणीच्या पंपाला मात्र तिने हात लावू नये, फवारलेल्या रानात खुरपायलाही जाऊ नये. मजूर मिळत नाहीत, ही सबब सासूबाईंनी सांगू नये! अंगावरून रक्त गेले, पोटात कळ आली किंवा पाणीही ठरेना, तर ‘उष्णता झाली’ म्हणत न बसता १०८ ला फोन करावा.