कोबेस जाण्यापूर्वी

व्यापारानिमित्त जपानला जाऊ इच्छिणारे आमचे सभासद बंधू प्रथम विचारतात ते विमानभाडे नव्हे, तर ‘खायचे काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच पहिल्या खेपेस कोबे शहर निवडावे असे आम्ही सुचवितो. मुंबईशी या बंदराचा संबंध जुना. १८९३ साली जमशेटजी टाटा व निप्पॉन यूसेन काइशा यांच्या सहकार्याने कापसाच्या वाहतुकीसाठी मुंबई-कोबे आगबोटमार्ग सुरू झाला. पुढे मोत्यांच्या व्यापारासाठी आलेली जैन कुटुंबे येथे स्थिरावली, आणि १९८५ साली कितानो भागात भगवान महावीरस्वामींचे शुभ्र संगमरवरी मंदिर उभे राहिले. (मोती काढताना जीवहिंसा होते हा प्रश्न उरतोच, तो ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवावा.) मंदिर श्वेतांबर परंपरेचे, तथापि इतक्या दूरदेशी ते दिसले म्हणजे आम्हां दिगंबर मंडळींचेही हात आपोआप जोडले जातात. मुक्काम सान्नोमिया स्टेशनाजवळ ठेवावा. तेथून मंदिर चढाच्या वाटेने पायी जाण्याजोगे आहे.

आता आहार. मांस ताटात दिसते, म्हणून टाळता येते. खरा धोका न दिसणाऱ्या वस्तूचा. ‘दाशी’ नामक पाणी बहुधा वाळविलेल्या मासळीच्या किसापासून काढतात, आणि ते मिसोचे सार, शेवया, शिजविलेल्या भाज्या अशा सर्वांत असते. ‘आम्ही शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही. यजमान प्रांजळपणे मान डोलावून तेच सार पुढे ठेवतो, कारण त्याच्या लेखी त्यात मासा नसतोच! यास्तव मासळीची दाशी, अंडी, कांदा, लसूण व कंदमुळे चालत नाहीत, असे जपानी लिपीत लिहवून घेतलेला कागद खिशात बाळगावा. बौद्ध मठांतील ‘शोजिन’ भोजनात मासळी नसते, कांदा-लसूणही नसतो; पण मुळा, कमळकंद सर्रास असतात, हे ध्यानी ठेवावे.

याहून अवघड गोष्ट रात्रिभोजनत्यागाची. कोबेत डिसेंबरात पाचाच्या आतच सूर्य मावळतो, आणि जपानी व्यापाऱ्याचा पाहुणचार सुरू होतो तो कचेरी सुटल्यावर. नकार दिल्यास सौदा बिघडेल या भयाने आपल्यापैकी काहींनी व्रत मोडल्याचे आम्ही ऐकले आहे. तसे करण्याचे काहीच कारण नाही. भेटीची वेळ ठरविणाऱ्या पत्रातच आपला नियम कळवून दुपारच्या भोजनाची विनंती करावी. तेथे खटकतो तो ऐनवेळचा नकार. आगाऊ कळविलेली गोष्ट ते लोक कसोशीने सांभाळतात.

दिवस निवडताना एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टचा मध्य आणि नववर्ष टाळावे. पुष्कळशा पेढ्या बंद असतात. जूनमध्ये पावसाळा लागतो व सप्टेंबरात वादळांचे भय, पण चातुर्मासात प्रवास वर्ज्य मानणाऱ्यांना त्याची क्षिती नको. आमच्या मते एप्रिलचा पहिला पंधरवडा सर्वोत्तम: सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास, आणि महावीर जयंतीही बहुधा त्याच दिवसांच्या आसपास येते.

शिदोरीत खाकरा, चिवडा, कोरडी चटणी घ्यावी. ताजी फळे व भाजी मात्र नेऊ नये. तपासणीच्या दाखल्यावाचून ती विमानतळावरच काढून घेतात. तेथील वीज १०० व्होल्टची असल्याने आपली विजेची शेगडीही धड तापत नाही. ती घरीच राहू द्यावी.