आवाज काढून घेतलेली इमारत

शांताल आकेरमन यांचा ‘हॉटेल मॉन्टेरे’ (१९७२) हा सुमारे तासाभराचा माहितीपट न्यूयॉर्कच्या एका स्वस्त निवासी हॉटेलात आतून फिरतो. त्याला निवेदन नाही, संगीत नाही, लिफ्टची घरघरसुद्धा नाही. आपले मूकपट थिएटरात कधी मुके नव्हतेच. पडद्यापाशी पेटी-तबला वाजत असे. इथला मुकेपणा मात्र ठरवून पत्करलेला आहे, आणि घराचं वा इमारतीचं अंतरंग टिपायला याहून प्रामाणिक रीत मला दिसत नाही. जेमतेम विशी ओलांडलेल्या आकेरमन आणि छायालेखिका बाबेत मांगोल्त यांनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर हे चित्रण केलं. कॅमेरा लिफ्टमध्ये ठाण मांडून असतो. दार उघडतं, बाहेरचा माणूस कॅमेरा पाहून आत येतो किंवा तिथेच थबकतो. त्याचं बोलणं ऐकू आलं असतं, तर आपण त्याच्या गोष्टीत गुंतलो असतो आणि इमारत नुसती मागचा पडदा झाली असती. ऐकायला काही नाही म्हणून डोळा बोळाची रुंदी मापतो, दिव्याचा पिवळेपणा, बंद दारांची ओळ न्याहाळतो. पुढे कॅमेरा बोळातून खिडकीकडे संथ सरकू लागतो, तेव्हा स्थिरतेला सरावलेल्या प्रेक्षकाला तेवढी हालचालही दचकवते.

यावरचा गंभीर आक्षेप असा की, तिथे राहणारे बहुतेक वृद्ध, तुटपुंज्या कमाईचे. त्यांचा आवाजच काढून घेणं हा अन्याय नव्हे का? भाडं किती, माणसं इथवर कशी आली, हे चित्रपट सांगत नाही, हे खरंच आहे. त्यासाठी दुसरा चित्रपट हवा. पण इथे कुणाच्या हलाखीवर करुण संगीत चढवलेलं नाही, आणि लिफ्टपाशी मागे सरकण्याची मुभा प्रत्येकाला आहे. मुलाखतीत ती क्वचितच मिळते.

ठाणे जिल्ह्यात किन्हवलीच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, कारवीच्या कुडाची शेणामातीने सारवलेली घरं सिमेंटला जागा देत आहेत, म्हणून मला ही रीत निकडीची वाटते. वारल्यांचा लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहिला जातो तो घराच्या आतल्या, अंधाऱ्या भिंतीवर. चित्र कागदावर उतरून जगभर गेलं. तो अंधार मागेच राहिला. लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यावाचून चौक अपुरा, मग मूक चित्रण कसलं, असं कुणी विचारील, आणि लग्नापुरतं ते बरोबरच आहे. लग्न आवाजासकटच टिपावं. पण लग्न दोन-चार दिवसांचं. उरलेल्या वर्षभरात कुडाच्या फटींतून उजेड किती येतो, चुलीचा धूर भिंतीला कुठवर काळं करतो, ओटीवरून आत पाऊल टाकताना डोळ्यांना किती वेळ काही दिसत नाही, हे ड्रोन आणि बासरीच्या चित्रफितींत सापडत नाही. त्यासाठी तिकाटण्यावर टेकवलेला साधा मोबाइल पुरे. आत कुठवर यायचं, हे मात्र घरातल्या माणसांनी ठरवावं.