मॅल्व्होलिओला हसायचं की नाही?

गेल्या वर्षी आमच्या नाट्यवाचनात शेक्सपिअरचं ‘ट्वेल्फ्थ नाइट’ होतं आणि माझ्या वाट्याला मॅल्व्होलिओ आला. चौथ्या अंकात त्याला अंधारकोठडीत डांबलेलं असतं, म्हणून मी वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून वाचायचं ठरलं. दार लोटलेलं. आत सगळे हसत होते आणि मी बाहेरून विनवत होतो की मी वेडा नाही, मला दिवा द्या, शाई-कागद द्या. सुरुवातीला मलाही हसू येत होतं. मग येईना. सुखात्मिकेत हे काय चाललंय, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. एलिझाबेथच्या काळातल्या सुखात्मिका वाचायच्या ज्या निरनिराळ्या पद्धती आपण शिकतो, त्यांची खरी परीक्षा मला त्या दाराशीच होते असं वाटतं.

नाटक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. ऑलिव्हिया ही उमराव घराण्यातली तरुणी. मॅल्व्होलिओ तिचा कारभारी: शिस्तीचा, तोऱ्यातला, मध्यरात्री दारू पिऊन गाणाऱ्यांना दटावणारा. तिचा नातेवाईक सर टोबी आणि सखी मारिया त्याची खोड मोडायचं ठरवतात. मारियाचं अक्षर मालकिणीसारखं. ती एक प्रेमपत्र लिहून त्याच्या वाटेत टाकते. पत्राप्रमाणे तो पिवळे मोजे घालून, त्यांवर आडव्यातिडव्या फिती बांधून, सारखा हसत ऑलिव्हियापुढे येतो. तिला वाटतं, हा भ्रमिष्ट झाला. मग कोठडी. मुख्य कथा वेगळीच आहे: जहाज फुटून आलेली व्हायोला पुरुषवेषात, सिझारिओ या नावाने ड्यूक ऑर्सिनोकडे चाकरीला राहते, आणि तिच्या जुळ्या भावामुळे घोटाळे होतात.

सी. एल. बार्बर यांनी 1959 च्या आपल्या पुस्तकात या सुखात्मिकांची मुळं सणांत शोधली. नाटकाचं नावच नाताळच्या बाराव्या रात्रीचं. त्यानंतरचा 6 जानेवारी म्हणजे गोव्यात तीन राजांचं फेस्त. त्या काळच्या इंग्लंडमध्ये या दिवसांत मोठ्या घरांतून, वकिली शिकवणाऱ्या संस्थांतून धिंगाण्याचा एक ‘राजा’ निवडला जाई आणि तेवढ्यापुरती वरची माणसं खाली, खालची वर होत. या नाटकाच्या प्रयोगाची सर्वांत जुनी नोंदही अशाच एका संस्थेतली आहे. जॉन मॅनिंगहॅम हा कायद्याचा विद्यार्थी 2 फेब्रुवारी 1602 ला मिडल टेंपलच्या दिवाणखान्यात ते पाहून आला आणि त्याने रोजनिशीत कारभाऱ्याच्या फजितीचं खास कौतुक लिहिलं. शिमगा पाहिलेल्याला बार्बरचा मुद्दा समजवावा लागत नाही. एरवीची बंधनं सैल होतात आणि त्या मोकळिकीतून माणसं शहाणी होऊन बाहेर पडतात. या हिशेबाने मॅल्व्होलिओ रंगाचा बेरंग करणारा. त्याला हसणं हा सणाचाच भाग.

पत्राच्या प्रवेशापर्यंत हे अगदी पटतं. कोठडीच्या प्रवेशात मात्र सण संपल्यासारखा वाटतो आणि खोडी तेवढी चालूच राहते. सर टोबीलाही ती आता आवरावीशी वाटते, पण भाचीची मर्जी खप्पा झाली म्हणून! मॅल्व्होलिओची दया येऊन नव्हे.

नॉरथ्रप फ्राय यांनी (1957) अधिक व्यापक मांडणी केली: सुखात्मिकेच्या शेवटी नवा समाज जमतो, तो शक्य तितक्यांना सामावून घेतो, आणि जो सामावत नाही त्याला बळीचा बकरा करून बाहेर काढतो. सांगाडा बरोबर बसतो. पण बकरा हाच का, हे सांगाडा सांगत नाही.

त्यासाठी इतिहासाकडे जावं लागतं आणि इथे एक सोपी चूक टपून बसलेली आहे. मॅल्व्होलिओ म्हणजे प्युरिटन, प्युरिटनांना नाटकं नकोत, शेवटी तो सूड घ्यायची धमकी देऊन जातो आणि 1642 मध्ये पार्लमेंटने नाट्यगृहं बंद केली, म्हणजे झाला सूड! परीक्षेत हे छान दिसतं. पण नाटकात मारिया त्याला प्युरिटनासारखा म्हणते, त्यावर सर अँड्र्यू कुत्र्यासारखं बडवायला निघतो (कारण विचारलं तर धड सांगता येत नाही), आणि लगेच मारियाच तो शब्द मागे घेते. कसला प्युरिटन, वारा येईल तशी पाठ फिरवणारा आहे, असं तिचं म्हणणं. नुसत्या शिक्क्यावर माणूस कसा मारायला उठतो, हे शेक्सपिअरने चार ओळींत दाखवलंय. आपण पुन्हा तोच शिक्का मारायचा?

मला जास्त पटतं ते वर्गाच्या अंगाने केलेलं वाचन. पत्र सापडण्याआधीच मॅल्व्होलिओ स्वप्न पाहतोय: आपण काउंट झालोय, मखमली झगा घातलाय, सर टोबीला सुनावतोय. एका मोठ्या घरच्या बाईने वस्त्रागारातल्या नोकराशी लग्न केल्याचा दाखलाही तो स्वतःला देतो. ज्या समाजात कोणी कोणतं कापड घालावं याचेही राजाज्ञेने नियम होते, तिथे हा खरा गुन्हा. आणि आता मारिया पाहा. पत्र लिहिण्याचं बक्षीस म्हणून सर टोबी तिच्याशी लग्न करतो. तीही पायरी चढलीच की! तिला शिक्षा नाही, कारण ती हसणाऱ्यांच्या बाजूला होती.

कोठडीच्या प्रवेशात विदूषक फेस्टे पाद्रीबाबाचं सोंग घेऊन त्याची ‘परीक्षा’ घेतो. पायथागोरसचं पक्ष्यांबद्दल काय मत होतं? आजीचा आत्मा पक्ष्यात राहू शकतो, असं मॅल्व्होलिओ अचूक सांगतो. तुला ते पटतं का? नाही, आत्म्याविषयी माझी समजूत थोर आहे, मला हे मान्य नाही. त्या काळच्या ख्रिस्ती श्रोत्यांच्या दृष्टीने हे अगदी शहाण्याचं उत्तर. पाद्र्याच्या झग्यातला फेस्टे म्हणतो, ते मत स्वीकारल्याशिवाय तू शहाणा ठरायचा नाहीस. आमच्या वर्गात इथे वेगळंच झालं. पुनर्जन्म ऐकत वाढलेल्या निम्म्या वर्गाला प्रश्नात वेडगळ काहीच वाटलं नाही आणि विनोद थेट खाली पडला. उरला तो अंधारातला माणूस आणि बाहेरून त्याला अडवणारा आवाज.

रंगभूमीवरही हा तराजू हलत आलाय. चार्ल्स लँब यांनी 1822 मध्ये जुन्या नटांवर लिहिताना बेन्स्ली या नटाच्या मॅल्व्होलिओतली प्रतिष्ठा वाखाणली. त्या शोकान्त छटेनंतर निव्वळ विदूषकी मॅल्व्होलिओ पाहणं अवघड झालं. 2017 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये टॅम्सिन ग्रेग या अभिनेत्रीने ‘मॅल्व्होलिया’ केली, तेव्हा मालकिणीवरच्या प्रेमाचा अर्थ आणखीच बदलला. व्हायोला मुळात मुलगाच करत असे, याकडे लक्ष वेधणाऱ्या स्टीफन ग्रीनब्लॅट (1988) यांच्यासारख्या समीक्षकांचं लेखन अवश्य वाचा. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

फक्त एक गोष्ट तिथून उचलतो. शेवटी व्हायोला बाईच्या कपड्यांत दिसतच नाही. तिचे कपडे जहाजाच्या कप्तानाकडे आहेत, आणि कप्तान आहे तुरुंगात, मॅल्व्होलिओने केलेल्या फिर्यादीवरून. ऑलिव्हिया कबूल करते की याच्यावर फार मोठा अन्याय झालाय, ऑर्सिनो त्याला समजावून आणायला माणूस पाठवतो, पण माणूस परत आल्याचं नाटकात नाही. ऑर्सिनो अजून व्हायोलाला सिझारिओच म्हणतोय. ते कपडे येईपर्यंत ती त्याची बायको दिसायची नाही, आणि मॅल्व्होलिओ तर निघून गेलाय.