रंग वस्तूपासून सुटला तेव्हा

अमूर्त चित्रासमोर आपण पहिला प्रश्न विचारतो, तो ‘हे कशाचे चित्र?’ उत्तर मिळाले नाही की आपण पुढे सरकतो. चित्रकारांनी हा प्रश्न मागे का टाकला, हे एकदा पाहायला हवे.

१८७४ मध्ये मोने, रन्वार, पिसारो आदींनी पॅरिसमध्ये स्वतंत्र प्रदर्शन भरवले. सावली काळीच नसते, निळी-जांभळीही असते, हे या दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी दाखवले. तरी त्यांचा रंग डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूशी बांधलेला राहिला.

पहिली गाठ शास्त्राने सैल केली. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणकामातला काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार होती. रसायनतज्ज्ञ शेव्रल यांचे निदान असे, की दोष त्या रंगात नाही, शेजारच्या रंगात आहे. त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. पुढे सराने शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी मांडून ग्रांद जात बेटावरचा रविवार रंगवला. ते चित्र १८८६ मध्ये लोकांपुढे आले.

दुसरी गाठ भावनेने सोडवली. १८८८ मध्ये आर्ल गावी व्हॅन गॉगने रात्रीचा कॅफे रंगवला. भिंती लाल, छत हिरवे. माणसाचे भीषण विकार या दोन रंगांतून सांगायचे आहेत, असे त्याने भाऊ थिओला कळवले. १९०५ मध्ये मातिसने टोपी घातलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर हिरवा रंग लावला. त्याला व त्याच्या साथीदारांना ‘फोव’ म्हणजे ‘हिंस्र पशू’ हे नाव पडले.

शेवटची गाठ कँडिन्स्कीने सोडली. १८९६ मध्ये मॉस्कोत मोनेची गवताची गंजी पाहताना त्याला वस्तू ओळखता आली नाही, तरी चित्राने पकड घेतली. १९१० नंतरच्या काही वर्षांत त्याने वस्तूच वगळली. संगीत कोणत्याही वस्तूची नक्कल न करता मनाला भिडते, मग रंगाने का भिडू नये, हा त्याचा विचार होता. भूप ऐकताना ‘हा कशाचा राग?’ असे आपण तरी कुठे विचारतो?

हा प्रवास आपल्याला परका नाही. १९१० मध्ये इंदूरला जन्मलेले ना. श्री. बेंद्रे बडोद्यात शिकवत असत. त्यांनीही पुढे ठिपक्यांनी चित्रे रंगवली. तेव्हा पुढच्या वेळी ‘कशाचे?’ हा प्रश्न थोडा थांबवा. कोणता रंग कोणाशेजारी बसला आहे आणि त्याने आपल्या मनात काय हलले, एवढेच आधी पाहा.