चक्कर : तक्रार एक, कारणे अनेक

'चक्कर येते' असे आपण सहज म्हणून जातो. पण असे म्हणणारी चार माणसे चार निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात, असा आमचा अनुभव आहे. एकाला सारे घर गरगर फिरताना दिसते. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते व आता आपण पडणार असे वाटते. तिसऱ्याचा फक्त चालताना तोल जातो. चौथ्याला डोके नुसतेच हलके वाटते. घरची मंडळी मात्र चौघांनाही "पित्त झाले असेल" असे सांगून लिंबाचे सरबत देतात. सरबताला आमची हरकत नाही. पण कारण शोधणे तेथेच थांबते, ते बरे नव्हे.

प्रथम गरगरण्याविषयी. आपला तोल सांभाळणारी व्यवस्था कानाच्या अगदी आतल्या भागात असते. तेथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव हलतो व मेंदूला त्याची खबर जाते. शेजारच्या पिशवीत कॅल्शियमचे अतिसूक्ष्म खडे असतात. उतारवयात किंवा डोक्याला मार लागल्यावर ते सुटून नलिकेत शिरतात. मग अंथरुणात कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना एकाएकी घर फिरू लागते आणि बहुधा मिनिटभरात थांबते. कानामुळे येणाऱ्या चकरेचे हे सर्वांत नेहमीचे कारण होय. यावर गोळ्यांपेक्षा डोके ठराविक क्रमाने वळवून खडे मूळ जागी नेण्याची पद्धत गुणकारी ठरते. अमेरिकेतील डॉ. जॉन एपली यांनी ती १९९२ साली प्रसिद्ध केली. कान-नाक-घसा तज्ज्ञ तपासणीच्या टेबलावरच काही मिनिटांत ती करतात. आमच्या माहितीतील एका मावशींनी मात्र याच दुखण्यापायी दोन वर्षे मानेला पट्टा बांधून काढली!

गरगरणे व उलट्या दिवसभर राहिल्या, तर कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला सूज आलेली असू शकते. सोबत कानात आवाज येणे व कमी ऐकू येणे असेल, तर मेनियरचा आजार संभवतो. अर्धशिशीतही असे होते. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या चार दिवसांपुरत्या ठीक. दुकानातून आणून महिनोन्महिने घेतल्यास तोल सावरण्याची मेंदूची स्वतःची ताकदच मंदावते.

अंधारी येणे हा प्रकार वेगळा. झोपेतून उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर मेंदूला रक्त कमी पडते. जुलाब, उन्हातली मिरवणूक, रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या गोळ्या ही त्याची कारणे. म्हणून चक्कर आली की "बी. पी. वाढला" असे समजून जादा गोळी घेणे धोक्याचे आहे, दाब उतरलेलाही असू शकतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी साखर तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज घ्यावे. उपाशी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना काय सांगावे? आणि सर्वांना वाढून उरलेले खाणाऱ्या आपल्या भगिनींना तर चक्कर हा रोजचाच भाग वाटतो. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय. ही तपासणी अत्यंत साधी आहे. ती करून घ्यावी व अंगावरून जास्त जात असल्यास संकोच न करता सांगावे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते. एकाएकी चक्कर येऊन बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, आधाराशिवाय उभेही राहता येईना किंवा कधी नव्हे इतके डोके दुखू लागले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. छातीत दुखणे, धडधड वा शुद्ध हरपणे असेल, तर हृदयाची शंका घ्यावी. अशा वेळी झोपवून पाहू, सकाळी नेऊ, असे करू नये. १०८ वर फोन करावा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. रुग्णाला पाणी पाजू नये. गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जाते.

एरवी डॉक्टरांकडे जाताना चक्कर काय करताना आली, किती वेळ टिकली, ऐकू येण्यात फरक पडला का, हे टिपून न्यावे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालावीत.