बुलेटचा कनेक्टिंग रॉड : वय नव्हे, फेरे मोजा

मुंबई-आग्रा महामार्गाने शहापूर सोडले, आटगाव आणि खर्डी मागे पडले, की कसारा घाट सुरू होतो. सुट्टीच्या पहाटे या वाटेवर जुन्या 'कास्ट आयर्न' बुलेटचा ठोका आजही ऐकू येतो. सिलिंडर लोखंडी असला, तरी पिस्टन आणि क्रँकला जोडणारा या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो.

१९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या ३५० सीसी बुलेटची रचना मूळ ब्रिटिश. पिस्टनचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो. त्याला खेचून आणण्याचे काम रॉडचे. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणून हलका रॉड क्रँकवरचा भार कमी करतो.

या गुणाची किंमतही आहे. विशिष्ट मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ अमर्याद काळ सोसू शकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक फेरा त्याच्या आयुष्यातून वजा होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला ३ हजार फेरे घेते असे धरले, तर ५० हजार किलोमीटरमध्ये १५ कोटी फेरे होतात. शिवाय ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार हजारांऐवजी पाच हजार फेरे घेतल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये थ्रॉटल बंद ठेवून इंजिन जोरात फिरवले, तर रॉड सर्वाधिक खेचला जातो. तो तुटला तर क्रँककेस फुटते, मागचे चाक अडकू शकते आणि चालकाच्या जिवावर बेतते.

म्हणूनच इंजिन 'जोरदार' करून घेणाऱ्यांनी जुन्या बाजारातला वापरलेला रॉड बसवू नये. तो किती फेरे फिरला, हे कोणीच सांगू शकत नाही. चकाकी हा पुरावा नव्हे. चुंबकीय तपासणी ॲल्युमिनियमवर चालत नाही; रंगद्रव्याची चाचणी केवळ पृष्ठभागावरची भेग दाखवते. न वापरलेला जुना रॉड मात्र केवळ वयामुळे थकत नाही. त्यावर ओरखडे किंवा गंज नसेल आणि मापे अचूक असतील, तर तो वापरता येतो. बसवल्यानंतर किलोमीटरची नोंद ठेवावी. इंजिन मूळ क्षमतेपेक्षा जोरात पळवायचे असेल, तर नवा पोलादी रॉड घेऊन क्रँकचे संतुलन पुन्हा करून घ्यावे.